बुवांचा आवाज

चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या हेमावतीअक्कांच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी कीर्तनकार कृष्णस्वामी बुवा बोलले. बुवांना जाऊन तीन वर्षं झाली होती. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन थेंब थेंब उतरत होतं, खिडकीतून जाईचा वास येत होता, आणि फोनमधून तोच आवाज, चंदन उगाळल्यासारखा: "बाळांनो, गोळ्या सोडा. अठ्ठेचाळीस दिवस तुळशीचं पाणी घ्या, साखर उतरेल."

अक्कांचे हात आपोआप जोडले गेले. डोळे पुसत त्यांनी तो आवाज भजनी मंडळाच्या एकतीस जणींना पाठवून दिला. दिवसभर त्या तरंगतच होत्या. कुकरची शिट्टीसुद्धा सुरात वाटत होती.

नवव्या दिवशी भाची रंजनी आली. यंत्राने रचलेली खोटी माहिती घरोघर कशी शिरते, ती थोपवायची कशी, यावर ती विद्यापीठात संशोधन करायची. तिने आवाज ऐकला.

"मावशी, हे यंत्राचं काम. जुन्या कीर्तनांवरून आवाज घडवलाय."

"गप गं! बुवांचा आवाज तू मला शिकवणार?"

"बरं. बुवा स्वतः गोळ्या घेत नव्हते?"

कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा डबीतून मधुमेहाची गोळी काढायचे, आणि पाण्याचा पेला अक्काच पुढे करायच्या. एकदा नाही, वर्षानुवर्षं. त्या क्षणी त्यांच्यासाठी बुवा दुसऱ्यांदा गेले.

मग एकदम आठवलं, मंडळातलीच, खालच्या मजल्यावरची अलमेलू! तिने गोळ्या सोडून तुळशीचं पाणी सुरू केलं होतं.

दोघी धावत खाली गेल्या, तर अलमेलू भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, चेहऱ्यावर मंद हसू. "अक्का, सगळं धुक्यात दिसतंय. बुवा जवळच आहेत असं वाटतं."

"बुवा नव्हेत गं, साखर चढलीय तुझी! ऊठ, डॉक्टरांकडे."

"संकल्प केलाय देवापुढे. अर्ध्यात मोडू?"

"मोड. तो आवाज खोटा आहे. पाठवला मी, पाप माझ्या माथी."

रंजनीने ऑटो आणली. अलमेलूने अक्कांच्या खांद्यावर मान टाकली. "आणि बाकीच्या तीस जणी?"

अक्कांनी फोन तोंडाशी धरून साऱ्या मंडळाला निरोप पाठवला. "मी हेमावती. तो आवाज बुवांचा नाही. न विचारता पाठवला मी. गोळ्या सोडू नका." तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. ऑटो हलली, तशा त्या यादीतल्या पहिल्या नावापासून एकेकीला फोन लावू लागल्या.