खानावळवाल्या सुनेची साडी

पिच्चर चालला तर माग चालेल, नाहीतर विकून टाकतो, असं आण्णा म्हणाले तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी खात होतो. आण्णा म्हणजे माझे घरमालक. बेळगावातल्या वडगावात त्यांचं बैठं घर आहे. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मधल्या खोलीत ते आणि त्यांची बायको आक्का, मागच्या पडवीला लागून माझी खोली. माग विकला की दोघांनी मुलीकडे पुण्याला जायचं आणि घर बंद करायचं, हे त्यांचं आधीच बोलून झालं होतं. बेळगावात मला दुसरी खोली मिळाली असती, नाही असं नाही. पण दुसऱ्या खोलीपुढे आक्का कुठून असणार?

मी जालन्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागलो. ओतून निघालेल्या लोखंडाच्या कडा घासायचं काम. आलो तेव्हा पाट्या कन्नडमध्ये, आणि इथली मराठीसुद्धा कानाला अर्धीच कळायची. कुणी काही विचारलं की मी नुसती मान हलवायचो. पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी खोलीत आडवा पडलो होतो. गल्लीभर मागांचा खडखडाट चाललेला. आणि मग एकेक करत सगळे माग थांबले. फौंड्रीत असा आवाज बंद पडला की कुणाचा तरी हात गेलेला असतो. मी अनवाणीच पुढे धावलो.

"काय झालं? कुणाचा अपघात?"

आक्का टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. "अपघात कशाला व्हतोय रं? सुनंची मालिका सुरू झाली. मागाच्या आवाजात ऐकू येत न्हाय, म्हणून बंद करत्यात सगळी. ये, बस की. जेवलास?"

जेवलो नव्हतो. त्या दिवसापासून मी त्या घरात जेवायला लागलो. गावाकडे आई फोनवर विचारायची, तुझं तिथं कोण आहे म्हणून. मला सांगता यायचं नाही, की एक मालिका लागते आणि त्यामुळे माझी इथं माणसं आहेत.

मालिका एका सुनेची होती. नवरा घर सोडून गेलेला, सासू कडक, आणि ही सून सासूच्याच घरात खानावळ काढते. काही वर्षं चालली. आता आठवून बघतो तेव्हा लक्षात येतं, की ती आमच्यापैकी कुणी धड बघितलीच नाही. आक्का टीव्हीसमोर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. नजर सुतावर, कान मालिकेत. आण्णा डोळे मिटून बसायचे. मी भाकरी खायचो. आक्का मान वर करायची ती फक्त साडी बघायला. "काठ बघा, काठ! आपला काठ हाय का न्हाय?" मग जाहिरात लागली की घरातली सगळी बोलणी व्हायची. कोण आजारी, लेकीचा फोन आला का, माझ्या बोटाला काय लागलंय. भांडणंही जाहिरातीतच. मालिका सुरू झाली की भांडण अर्धं सोडून दोघं गप्प.

खानावळ सुरू झाली त्या भागात सुनेनं आंब्याच्या रंगाची, जांभळ्या काठाची साडी नेसली होती. आण्णांनी तशीच विणली. खडेबाजारातल्या व्यापाऱ्यानं ती 'खानावळवाल्या सुनेची साडी' म्हणून विकली आणि त्या वर्षी माग रिकामा राहिला नाही. मग मालिका संपली. नव्या मालिकांवरून बायका साड्या मागेनात, त्या मोबाईलवर बघून मागवू लागल्या. गल्लीतले माग संध्याकाळी एकदम थांबायचे बंद झाले, आणि काही तर कायमचेच बंद झाले.

अशात बातमी आली, की त्या मालिकेचा पिच्चर येतोय. पोस्टरवर तीच सून, तीच आंब्याच्या रंगाची साडी. आण्णांनी ते पोस्टर माझ्या मोबाईलवर बोटांनी मोठं करून करून बघितलं. काठ बघितला, पदर बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचं बीम, म्हणजे उभ्या सुताचा मोठा रूळ, मागावर चढवलं. माझ्या मते हे फक्त विणकरच करेल. पिच्चरची गोष्ट काय, कुणी केलाय, काही विचारलं नाही. नटीनं साडी नेसली एवढं पुरे. व्यापारी म्हणाला, "पिच्चर चालू दे, मग बघू." तेव्हा आण्णा ते मागाचं वाक्य बोलले.

पिच्चर लागला त्याच रविवारी आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. आक्काची थोरली बहीण निपाणीहून बसनं आली. मी तिला मावशी म्हणतो. ती बिड्या वळते. तिनंही ती मालिका मांडीवर सूप घेऊन, पानं कापता कापताच ऐकलेली. आक्का नव्या बीमाची पहिली साडी नेसून निघाली. 

थेटर निम्मं भरलं होतं, जास्त बायकाच. सुरुवातीलाच सून त्या साडीत आली. आक्कानं माझा दंड धरला. आण्णा खुर्चीत पुढे सरकले. मावशी मात्र डोळे बारीक करून बघत होती.

"हीच व्हय ती?"

"हीच की. इतकी वर्सं बघत न्हवतीस?"

"बघायला कुठलं, हातात पान असायचं. मला वाटलं हुतं जाडजूड असंल."

मागून कुणीतरी शू केलं. तेवढ्यात पडद्यावर सुनेला परदेशात हॉटेल काढायचं बोलावणं आलं. तिनं ती साडी अंगावरून उतरवली, घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिली. ट्रंक पलंगाखाली. पुढे विमान, बर्फ, काळा कोट.

"आता गं बया," आक्का मोठ्यानं म्हणाली. "पेटीत घातली की!"

आण्णा मागे टेकले.  मध्यंतरापर्यंत बोलायला जागाच नव्हती, जाहिरात येईना. सासू बर्फात घसरून पडली तेव्हा सगळे हसले, मला हसू आलं नाही. आक्काचे रिकामे हात मांडीवर उगाच हलत होते. आणि मला कळेना की मला हा पिच्चर आवडत नाहीये की माझी खोली जाणार म्हणून आवडत नाहीये. मधेच एक प्रसंग चांगला होता. सून परक्या गावात एकटी जेवायला बसते.  मग गाणं लागलं.

मध्यंतरात आण्णा चहा घेत म्हणाले, "संपलं. उद्याच गिऱ्हाईक बघतो मागाला."

"पुरता बघा तरी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

आक्का आणि मावशी बायकांच्या बाथरूमच्या रांगेत गेल्या होत्या. खेळ परत सुरू झाला तरी आल्या नाहीत. मी शोधायला बाहेर गेलो, तर पायऱ्यांपाशी घोळका. एका बाईनं आक्काचा पदर हातात धरला होता.

"मालिकेतली ती हीच न्हवं? खानावळ उघडली तवाची?"

"तीच. आमच्याच मागावरची."

"पिच्चरमधी का काढून टाकली हो? लई वंगाळ वाटलं बघा मला. कुठं मिळती?"

दुसरी म्हणाली, "पिच्चर काय खरा न्हाय. घरी जाऊन जुनंच लावतो आम्ही मोबाईलवर." आणि मावशी मधेच, "वडगावात या, मागावरनं देऊ," असं जणू तिचाच माग असल्यासारखं सांगत होती. उरलेला पिच्चर त्या दोघींनी बघितलाच नाही. शेवटी ट्रंक उघडली का, हे आक्कानं मला परतीच्या वाटेवर विचारलं. उघडली होती, पण आतली साडी दाखवलीच नाही, नुसता सुनेचा रडता चेहरा.

त्या आठवड्यात वडगावात चार-पाच जणी खरंच आल्या. पिच्चर मात्र पुढच्या शुक्रवारी उतरला. आण्णा खडेबाजारात जाऊन आले ते गोंधळूनच. व्यापारी म्हणे, पिच्चर पडला पण साडी विचारतायत, आहे तेवढी पाठवा, नवीन चढवू नका.

"म्हंजे चालला का न्हाय चालला?" आण्णांनी मला विचारलं.

मला खरंच सांगता आलं नाही. पिच्चर चांगला असता, तिनं शेवटपर्यंत साडी नेसली असती, तर बायकांना ती हवीशी वाटली असती का? की काढून टाकली म्हणूनच आठवली? आणि तसं असेल तर अशा पिच्चरला काय म्हणायचं? फौंड्रीतले मित्रही विचारत होते, जाऊ का बघायला. त्यांनाही मी धड हो म्हटलं नाही, धड नाही म्हटलं नाही.

ते बीम संपत आलं तेव्हा माग बघायला एक माणूस आला. आण्णांनी त्याला चहा दिला. माग दाखवला, चालवूनही दाखवला. किती वर्षांचा, काय काय बदललं, सगळं सांगितलं. मी पडवीत उभा राहून ऐकत होतो. शेवटी त्या माणसानं विचारलं, कधी उचलू?

आण्णांनी आक्काकडे बघितलं. आक्का कांड्या भरत होती, मान वर न करता म्हणाली, "दिवाळी हुंदे की. घाई काय हाय?"

"दिवाळीनंतर या," आण्णा म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. नव्या बीमाचं सूत कुठल्या रंगाचं आणायचं ते त्यांना ठरत नव्हतं. जमिनीवर दोन लडी ठेवल्या होत्या, एक हिरवी, एक राखी. कुठल्याच मालिकेतल्या नव्हत्या.

"बघ रं, कुठली घ्यावी?"

मला साडीतलं काय कळतंय. पण विचारलं म्हणून मी खाली बसलो आणि दोन्ही हातात घेऊन बघायला लागलो.