मनीची पाठवणी आणि माझे लख्ख दिवे

गाडीला जास्त उजेडाचे दिवे बसवावेत का, या प्रश्नाचं माझ्याकडे पक्कं उत्तर आहे: बसवू नयेत. हे मत बनवायला मला पाच हजार चारशे रुपये आणि सख्ख्या भाचीची पाठवणी, एवढा खर्च आला.

गोष्ट २०१६च्या मे महिन्यातली. माझी थोरली बहीण, आमची ताई, तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या गावात दिलेली. तिची मुलगी मनी. मनी लहान असताना मी तिला शब्द दिला होता की, तुला सासरी सोडायला मामाच येणार, मामाच्या गाडीतून. मुलं असलं काही विसरतात, असा माझा अंदाज होता. मनी विसरली नव्हती. पार समुद्राकडच्या चिखले गावातल्या चिकूच्या वाडीवाल्यांकडे तिचं लग्न ठरलं आणि त्यांनी मोठी एसी गाडी पाठवतो म्हटलं, तर हिने सरळ सांगून टाकलं, "नको. मी मामाच्या गाडीतूनच येणार." सासरच्यांनी मुलीचा हट्ट मानला. माझा ऊर भरून आला.

आता गाडी माझी दहा वर्षांची, डिझेलवरची. तिच्या दिव्यांत समोर काहीतरी आहे एवढं कळायचं. ते काय आहे, हे अगदी जवळ गेल्यावर कळायचं. नवी नवरी घेऊन एवढ्या लांब अंधारातून जायचं, म्हणून मी चारोटीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने जास्त वॅटचे बल्ब दाखवले. त्यांची वायरिंग वेगळी, काचा नव्या, सगळे मिळून पाच हजार चारशे.

"साहेब, हे लावा. समोरून येणारा माणूस गाडी बाजूला घेऊन हात जोडेल!"

बायको म्हणाली, "अहो, आहेत त्याच काचा एकदा धुऊन बघितल्या का?"

मी तिला शांतपणे हिशेब समजावला. पाच वर्षं धरली तर दिवसाला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत!

"पण आपण रोज रात्री जातो कुठे?" ती म्हणाली.

(हा मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मी ऐकला नाही.) मात्र तो डोक्यात बसला. दिवे जितके जास्त वापरू तितके ते स्वस्त पडणार! तेव्हापासून मी दिवे लावायची संधी शोधायला लागलो. नरपडच्या रस्त्याला ऊन असतानाही मी दिवे लावून जायचो आणि समोरचे लोक मला ओरडून सांगायचे, "ओ काका, लाइट चालू आहे!" मी हात हलवून त्यांना सांगायचो, माहीत आहे.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. ताईच्या घरापुढच्या खळ्यात मांडव. झेंडूच्या माळा लावलेली माझी गाडी बाजूला उभी. मंगलाष्टकं झाली, टाळ्या वाजल्या आणि लाइट गेली!

ताईचे यजमान, आमचे भावोजी, धोरणी माणूस. त्यांनी जनरेटर सांगून ठेवलेला होता. महेशभाई जनरेटरवाला हँडल मारायला वाकला, तेवढ्यात मी विचारलं, "चालू केला की तासाचे वेगळे पैसे ना?"

"तो तर लागेलच ने, शेठ. डिझेल काय पाण्याच्या भावात नाय मिळत."

झालं! माझ्या डोक्यात जुळणी झाली. एकीकडे तासाचे पैसे, दुसरीकडे माझे फुकट पडलेले दिवे.

"भावोजी, कशाला जनरेटर? मी आहे ना!"

मी गाडी मांडवासमोर आणली, तोंड मांडवाकडे करून उभी केली आणि बटण दाबलं. अहाहा! लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. भावोजी म्हणाले, "वा, मेव्हणे, मानलं!" महेशभाईला तलासरीत दुसरं लग्न होतं. तरी तो बिचारा रेंगाळला. "शेठ, थोडा वेळ थांबू काय? लाइटचा भरोसा नाय."

"जा रे बाबा," मी म्हटलं. "आमच्याकडे आज सूर्य आहे."

तो गेला. सूर्याचा त्रास सुरू झाला.

स्टेजवर नवरा-नवरी दोघंही डोळ्यांवर हात धरून उभी, जणू लांबून बस येतेय का ते बघतायत. आहेर द्यायला येणाऱ्यांना काहीच दिसेना. भावोजींच्या काकांनी नवरदेव समजून फोटोग्राफरच्या हातात पाकीट दिलं आणि डोक्यावर हात ठेवून "नांदा सौख्यभरे" म्हणाले. पंगतीत जे उजेडाकडे तोंड करून बसले त्यांचे डोळे उघडेनात आणि जे पाठ करून बसले त्यांच्या पानावर त्यांचीच सावली!

मग आले किडे. मेच्या शेवटाला आमच्याकडे दिव्यावर येतात तेवढे सगळे, शिवाय डोंगरातले त्यांचे नातेवाईक.

मनीचे सासरे मसालेभात कालवत म्हणाले, "जिरं जरा जास्त पडलंय नाही?" तेवढ्यात जिरं उडालं.

बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "इंजिन तरी चालू ठेवा हो. बॅटरी उतरेल."

"इंजिनाला डिझेल लागतं," मी म्हटलं. "बॅटरी फुकट आहे. डिझेलच जाळायचं होतं तर जनरेटर काय वाईट होता?"

तिने पर्समधून मोबाइल काढला आणि त्याचा दिवा लागतो का ते बघून घेतलं. (वीस वर्षांच्या संसारानंतर मला या तयारीची भीती वाटायला हवी होती.)

तासाभराने उजेड जरा पिवळसर झाला. लोकांना बरं वाटलं. सासरे म्हणाले, "हां, आता कसं डोळ्यांना गार वाटतंय."

"मीच कमी केला," मी म्हटलं. "म्हटलं, पाहुण्यांना त्रास नको."

मी उजेड आणखी आणखी कमी करत गेलो. शेवटी ताई मनीची ओटी भरत असताना तो मी पूर्णच बंद केला, म्हणजे तो आपोआप झाला. काळोखात ताईचा आवाज आला, "अगं मने, पदर कुठाय तुझा? हा कुणाचा सदरा आहे?"

मोबाइलचे दिवे लागले. पाठवणीची वेळ झाली. मनी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि हक्काने पुढच्या सीटवर येऊन बसली. शेजारून माझ्याकडे बघून डोळे पुसत हसली. मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. या वेळी टक्सुद्धा नाही.

"ढकलावी लागेल," मी म्हटलं. पण गाडीचं तोंड मांडवात! पुढे ढकलली तर स्टेजवर जाणार. तेव्हा मागे ढकलायचं ठरलं. नवरदेवाने फेटा काढून करवलीकडे दिला आणि बॉनेटला हात लावला. वऱ्हाडी लागले. मागे उतार होता हे खरं, पण उताराच्या टोकाला शेताचा बांध होता हेही खरं. गाडी छान सुटली, मी रिव्हर्स टाकून क्लच सोडला, इंजिन एकदा खोकलं आणि मागची दोन्ही चाकं बांधावरून पलीकडे गेली. गाडी आभाळाकडे तोंड करून बसली. आत मी आणि मनी चांदण्या बघत होतो.

"मामा," मनी हळूच म्हणाली, "आता कोणाला सांगू नको, पण मला उतरायचंय."

सासरे कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आमची गाडी येत होती हो. नको म्हटलंत."

ते काही वावगं बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. ताई मात्र बोलली. "सुरेश, तुला एकच काम दिलं होतं रे. नुसतं गाडी चालवायचं. तू उजेड कशाला पाडायला गेलास?"

वऱ्हाडाची बस खच्चून भरलेली. शेवटी आचाऱ्याचा टेंपो पुढे आला. मनी शालू सावरत ड्रायव्हरशेजारी बसली, तिच्या पलीकडे नवरदेव, मागे पातेली आणि झारे. टेंपोला एकच दिवा होता, तोही डोळे आल्यासारखा. मी खिडकीशी गेलो.

"मने, मी शब्द दिला होता..."

"राहू दे रे, मामा," ती म्हणाली आणि मग मात्र खरंच रडायला लागली. टेंपो पातेली वाजवत बांधाआड दिसेनासा झाला. त्या खणखणाटात माझी भाची सासरी गेली आणि मी हातात किल्ली घेऊन उभा राहिलो. याचं मला अजून वाईट वाटतं.

सकाळी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली, ओढता ओढता ती चालूही झाली. मी तसाच चिखल्याला माफी मागायला गेलो. सगळे फार प्रेमाने वागले. मनीने स्वतः पोहे केले. सासऱ्यांनी चिकूची पाटी गाडीत ठेवली. मी दुपारी टेकलो असेन नसेन, तर ते घड्याळ बघून उठले, "निघा आता मामा, अंधार व्हायच्या आत पोचाल."

तेव्हापासून ते थेट आजपर्यंत, एकाही नातेवाइकाने मला सूर्य मावळेपर्यंत थांबवून घेतलेलं नाही. आख्ख्या तालुक्यातले सगळ्यात लख्ख दिवे गाडीला असलेला मी, भर उन्हात जातो आणि भर उन्हात परत येतो!