सरळ पात्रात थांबलेला बर्फ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बाबांनी आमच्या घरात असलं काही शिरूच दिलं नाही. पण हे घडलं...

मी सिडनीत, क्वेकर्स हिलला राहते. कोव्हिडच्या दुसऱ्या वर्षी माझी पीएचडी चालू होती. विषय – वळणावळणाच्या नदीत पूल कुठे बांधला तर वाहता बर्फ तुंबतो. ऑस्ट्रेलियात बसून कॅनडाच्या बर्फाचा अभ्यास, म्हणून मित्र हसायचे. युनिच्या लॅबमध्ये नागमोडी, काचेचा कालवा होता. त्यात पाणी सोडायचं आणि बर्फ म्हणून प्लास्टिकचे पांढरे तुकडे. पूल वळणाला लागून ठेवला की तुकडे बाहेरच्या काठाकडे सरकून खांबांत अडकायचे. सरळ भागात ठेवला की निघून जायचे. दर वेळी.

मे महिन्यात नागपूरला बाबा ऑक्सिजनवर होते. विमानं बंद. दादा म्हणाला, येऊन तरी काय करशील, मलाही आत सोडत नाहीत. घरात बसवेना, म्हणून मी लॅबला जात राहिले.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी लॅबमध्ये एकटीच होते. पूल सरळ भागात होता. तुकडे पुलापाशी आले आणि थांबले. अडकले नाहीत – थांबले. खांबाला नाही, एकमेकांना नाही, कशालाच न टेकता. खालून पाणी वाहत होतं. पंप पाहिला, मीटर पाहिला, सगळं ठीक. दहा मिनिटं वाट पाहिली. शेवटी वैतागून पट्टीने पहिला तुकडा ढकलला. सगळे एकदम निघून गेले.

फोन वाजला. दादा होता.

"बाबा गेले गं. आत्ताच."

नर्सने त्याला नंतर सांगितलं, नाडी जवळजवळ लागत नव्हती, तरी दहाएक मिनिटं ते तसेच टिकून होते. डॉक्टरांनाही नवल वाटलं. मग एकाएकी गेले.

लॅबमध्ये प्रत्येक रन, म्हणजे प्रत्येक प्रयोग, कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतो; त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये तुकडे थांबलेले स्पष्ट दिसतात. माझ्या गाईड म्हणाल्या, नो वरीज, तो रन वगळून टाक. नंतर तोच पूल, तेवढंच पाणी ठेवून मी कितीदा तरी करून पाहिलं. तुकडे एकदाही थांबले नाहीत. योगायोग म्हणावा, तर म्हणवत नाही. दुसरं कारण मला आजही सापडलेलं नाही.

परवा दादाने सहज विचारलं, "मी फोन केला तेव्हा तू काय करत होतीस?"

"काम," मी म्हणाले.