विल्फचं पितळी बूच

विल्फ सगडन आमच्या समोरच्या घरात राहतो. हॅलिफॅक्समध्ये अडतीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. माळ्यावर उघडी टाकी आणि खाली तांब्याचा बंब, हे काम तो झोपेतही करील. पण आता घरोघरी दाबाखालच्या बंद टाक्या आल्या आणि त्या बसवायला वेगळी परीक्षा पास होऊन कार्ड घ्यावं लागतं.

"पाणी तापवायला परीक्षा! उद्या चहालाही ठेवतील," तो कुरकुरायचा.

तरी त्या परीक्षेच्या कोर्सला गेला. का, ते मी खोदून खोदून विचारलं.

"टाकी चहूबाजूंनी बंद, मग ती फुटत कशी नाही? डोक्यातून जाईना माझ्या," तो म्हणाला.

शिकवणारी शाझिया त्याच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच सकाळी तिने नमुन्याची टाकी दाखवली. "विल्फ, यात चूक शोधा."

विल्फने सगळं तपासलं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाला बूच होतं, बाकी सगळं ठीक.

"चूक कसली? ठिबकत असेल, म्हणून लावलं. मीही लावलंय."

"जास्तीचं उकळतं पाणी तिथूनच निघतं," शाझिया म्हणाली. "ते अडलं आणि तापणं थांबलं नाही, तर टाकी फुटून भिंतींसकट घर जातं."

विल्फ ताडकन उठला. त्याची थोरली बहीण एडना हिच्या दारात अशीच नळी ठिबकायची, थंडीत पायरीवर बर्फ साचायचा. ती घसरू नये म्हणून जानेवारीत यानेच बूच बसवलं होतं!

"आता गेलात तर कोर्स पुन्हा करावा लागेल," शाझिया म्हणाली.

तो फोन लावत बाहेर पडलासुद्धा. "एडना, टाकीचं बटण बंद कर आणि बाहेर रस्त्यावर जा!"

"अरे, ओव्हनमध्ये केक आहे!"

"केक गेला खड्ड्यात!"

बूच त्याने स्वतः काढलं नाही. कार्डवाला माणूस बोलावला. व्हॉल्व्हच बिघडलाय, तो बदलायला हवा, असं त्या माणसाने सांगितलं.

"माझा भाऊ बदलेल, कार्ड मिळालं की," एडना म्हणाली. तोवर टाकी तापवायचीच नाही असं ठरलं. पाच आठवडे बाई किटलीत पाणी तापवून अंघोळ करत होती.

कार्ड मिळालं त्या दिवशी विल्फ हत्यारं घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"आधी कार्ड दाखव," एडनाने वाट अडवली.

कार्डाबरोबर खिशातून तिच्या नळीचं ते पितळी बूचही निघालं.

"हे कशाला जपलंयस?"

"यानं तू मेली असतीस. माझ्या हातून."

एडनाने बूच दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच्या खिशात परत टाकलं.

"बूट काढून ये आत," ती म्हणाली. "केक केलाय."