वाचायचं बोट

माझी धाकटी बहीण जन्मापासून आंधळी. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वाचायची. कागदावर उठलेले ठिपके त्या बोटाखालून भराभर सरकायचे, मी पेपर वाचतो त्याहून वेगात. अंध मुलांच्या ज्या शाळेत ती शिकली, तिथेच ब्रेल शिकवायला तिला घेणार होते. मोठ्याने वाचून दाखवायची एक परीक्षा. ती झाली की राहणंही तिथेच.

पण ती गेल्यावर आईचं कोण करणार? आई लकव्याने अंथरुणावर, बायकोची नोकरी, माझी प्लांटमधली शिफ्ट. कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही. मी तर नाहीच.

शाळेतल्या बाईंनी मला फाटकाशी थांबवून बजावलं होतं, परीक्षेपर्यंत हिला तव्यापाशी जाऊ देऊ नका, बोटाची कातडी राठ झाली की अक्षर लागत नाही. मी हो म्हणालो. घरी मात्र कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

त्याच दिवशी जेवताना मी बहिणीला म्हणालो, "फुलके तुझ्याच हातचे पाहिजेत बाप्पा. तुझी वहिनी तर पापड भाजते."

बायको हसली. बहीण तिच्याहून जास्त हसली. तिचं कौतुक आमच्या घरात कधी कुणी केलंच नव्हतं. फुलका फुगला की आपल्याला दिसतो. तिला तो दाबून बघावा लागे, वाफेत, त्याच बोटाने. पोट भरलं तरी मी आणखी एक मागायचो. रविवारी प्लांटमधल्या सोबत्यांना जेवायला बोलवू लागलो. ते वाहवा करत, ती आणखी लाटत असे. मग बोटाला खोबरेल चोळत बसायची आणि मी बघत असायचो. तिने सुपेल्याच्या बाजारातून चिमटा आणायला सांगितला होता. विसरलो, असं मी दर वेळी म्हणायचो.

परीक्षेला मीच घेऊन गेलो. पहिल्याच ओळीवर तिचं बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं आणि थांबलं. परीक्षक स्वतः अंध होते. त्यांनी तिचा हात घेऊन ते बोट आपल्या अंगठ्याने चाचपलं.

"बेटा, घर में रोटी तुम बनाती हो?"

"जी," ती म्हणाली. "भैया को मेरे ही हाथ की पसंद है." तिच्या आवाजात अभिमान होता.

त्यांनी तिचा हात हळूच टेबलावर ठेवला. मी कुठे उभा आहे ते त्यांना दिसत नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

परतताना बसमध्ये बराच वेळ ती बोट अंगठ्यावर घासत होती. मग म्हणाली, "तुले शाळेतून कोणी काही सांगितलं नव्हतं का रे, दादा?"

"मले कोण काय सांगते?"

तवा पुढेही कित्येक वर्षं तिच्याकडेच राहिला.

आता आई गेली. मागच्या महिन्यात शाळेने पुन्हा बोलावणं पाठवलं. बहीण सरावाला बसली. मीच शाळेतून ब्रेलचं पान आणून दिलं, त्याच सकाळी टोचलेलं. तिने उजव्या हाताची सगळी बोटं त्यावरून फिरवली, मग डाव्या हाताची.

"पान जुनं आहे वाटते, दादा. सारं सपाट लागून राहिलं."

मी हात फिरवला. ठिपके माझ्या बोटांना टोचले.

"हो," मी म्हणालो. "जुनंच आहे."