काठ पणजीचा, पाटीवर नाव पणजोबांचं

अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून घरी आल्या आल्या लिहितेय.

आज शहापुरात जुन्या साड्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या घरातली स्वातंत्र्याच्या आधीची साडी मीच दिली होती. जाऊन बघते तर खाली पाटी, ‘विणकाम आणि नक्षी’, आणि पुढं एकट्या पणजोबांचं नाव!

अहो, विणकाम त्यांचंच. पण नक्षी पणजीची. ती पहाटे अंगणात रांगोळीनं काठ मांडायची. पणजोबा तो डोळ्यांत साठवून मागावर उतरवायचे. शेजाऱ्यांनी नक्षी उचलू नये म्हणून उजाडायच्या आत पणजी स्वतःच ती झाडून टाकायची.

त्यांची लेक, म्हणजे माझी आजी, सोबत होती. ती आयोजकांना म्हणाली, “आप्पांनी इणलं, व्हय. पर काठ आईचा. मी बघितलंय न्हवं!”

आयोजक हसले. “आजी, पुरावा काय?”

“पुरावा? त्यो आईनंच झाडून टाकला की रं!”

त्यावरही ते हसले. तिथं माझं टाळकं फिरलं.

याच आजीनं मला पाटी-पेन्सिलीच्या आधी रांगोळी दिली. आज मी साड्यांची डिझाइन करून पोट भरते, आणि अजूनही कंप्युटर उघडायच्या आधी फरशीवर ठिपके मांडते. ही सवय कुणाकडून आली, त्याला कसला पुरावा दाखवू?

पाटी बदलणार नाही म्हणाले. मग पाटी त्यांच्याकडंच राहू दे. साडी मी काढून घरी आणलीय.

सांगा, माझं काय चुकलं?