काळी तीन सोडून

सुकन्याला लोक विचारतात, तुम्ही काय करता? ती सांगते, पियानो वाजवते. मग लोक विचारतात, ते झालं, पण काम काय करता? मी शेजारी असले की माझं डोकं सटकतं. मी म्हणते, तुम्ही बँकेत बसता ते झालं, पण काम काय करता? सुकन्या मला कोपरानं ढोसते. ती शांत आहे, मी नाही. शुक्रवार पेठेत माझं ब्यूटी पार्लर आहे. दिवसभर बायकांच्या भुवया कोरते आणि तोंड चालवते, आणि दोन्हीत माझा हात कुणी धरू शकत नाही.

मी जुलेखा. सुकन्या आणि मी पहिलीपासून एका बाकावरच्या. तिचे वडील अजिनाथकाका नातेपुत्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सोलापुरात आले आणि एका चर्चच्या आवारात राखणदार झाले. तिथंच त्यांना खोली मिळाली. तिची आई केराबाई, म्हणजे माझी केरामावशी, त्या आवारातसुद्धा शेळ्या बाळगून होती. चर्चमध्ये पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन होता आणि तो वाजवायला याकोब मास्तर. मास्तरांना शेळीचं दूध आवडायचं, सुकन्याला ऑर्गन. दोघांचं जमलं.

मास्तर रविवारी प्रार्थनेची गाणी वाजवायचे आणि एरवी नाट्यगीतं म्हणणाऱ्यांना, भजनी मंडळांना साथ करायचे. सुकन्याला त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती पट्टी बदलायची. पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या मोजायच्या, काळ्या वेगळ्या, आणि ज्याचा गळा जिथं बसेल तिथून गाणं उचलायचं. कुणाची पांढरी चार, कुणाची काळी एक. आमच्या गल्लीतल्या, भजनी मंडळात गाणाऱ्या गंगम्माला सर्दी झाली की तिची पट्टी एक घर खाली यायची. गाणं सुरू झालेलं असलं तरी सुकन्या दुसऱ्या ओळीला तिला अलगद खाली उतरवायची, आणि गंगम्माला वाटायचं, आज आपला आवाज काय लागलाय.

पण साथीला बसणारा माणूस स्टेजवर कधी मधोमध बसत नाही. त्याला बाजूची जागा. टाळ्या वाजल्या की गाणाऱ्यानं हात करून दाखवायचं, मग लोकांची नजर त्याच्याकडे जायची. सुकन्याला मधे बसायचं होतं, एकटीला. याकोब मास्तरांनी तिला पियानोच्या मैफिलींच्या कॅसेटा ऐकवल्या होत्या. एक माणूस, एक वाद्य, बाकी स्टेज रिकामं. ते तिच्या मनात जे घुसलं ते घुसलंच. मोठेपणी ती एका शाळेत संगीत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याची गाडी पकडून पियानो शिकायला जायची. तिथल्या शिक्षकांना तिची एक सवय खपायची नाही. कंटाळा आला की ही एखादी रचना भलत्याच पट्टीतून वाजवायची. ते म्हणायचे, हे पेटीवाल्यांचे खेळ सोडा, जिथं लिहिलंय तिथंच वाजवायचं. तिनं सोडले. मला विचाराल तर मी त्यांच्याच डोक्यावर पेटी ठेवली असती.

पुण्याची एक संस्था दरवर्षी एक पियानोवादक निवडते आणि वर्षभर गावोगावी त्याचे एकट्याचे कार्यक्रम लावते. या धंद्यात माणसाचं नाव होतं ते असंच. ज्याला निवडायचं त्याला त्याच्याच गावात, त्याच्याच लोकांपुढं वाजवायला सांगतात आणि संस्थेच्या रुद्राणी मॅडम स्वतः ऐकायला येतात. सुकन्याचं नाव आधी दोनदा शेवटपर्यंत जाऊन गळालं होतं. आता वयाची अट संपत आली होती. यंदा झालं तर झालं, नाहीतर जन्मभर बाजूलाच बसायचं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि केरामावशीला तर झोपेतसुद्धा माहीत होतं.

कार्यक्रम ठरला एप्रिलमध्ये. सोलापूरचा एप्रिल, काय सांगायचं. पियानो पुण्याहून टेम्पोनं आला आणि शाळेच्या सभागृहात ठेवला. वर पत्रा. स्वर लावणारा माणूस सोबत आला होता, तो सगळं जुळवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सुकन्यानं वाजवून बघितलं आणि म्हणाली, "जुले, उद्या कसलीच भीती नाही." ती असं सहसा बोलत नाही. मी तिच्या भुवया फुकट कोरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. "ड्रायर घेऊन ये. दोन असतील तर दोन."

मी म्हटलं, केस धुतलेस का काय? ती म्हणाली, "पियानो भिजलाय." मी गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून निघाले. एक भुवई कोरलेली, एक राहिलेली.

सभागृहाच्या बाहेर भिंतीवर ओली गोणपाटं वाळत घातलेली दिसली आणि मला आत जायच्या आधीच सगळं कळलं. शिपाई शिवू मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "केरामावशी सकाळी आल्या हुत्या. म्हणल्या, दार उघड, पोरीची पेटी बघायचीय." मावशीनं पियानोच्या झाकणावर हात ठेवला, तर ते चटका बसेल एवढं तापलेलं. मग तिनं तेच केलं जे ती जन्मभर करत आली. उन्हाळ्यात कोकरं झाकायच्या झापेवर ओली गोणपाटं टाकायची, तशी तिनं पियानोवर टाकली. झाकण उघडून पट्ट्यांवर ओलं फडकं पसरलं. सभागृहातले दोन्ही कूलर ओढून समोर आणले, पाणी भरलं, चालू केले आणि समाधानानं घरी जाऊन भाकरी थापायला बसली.

आत सुकन्या एकेक पट्टी दाबत होती. दाबलेली पट्टी खालीच राहत होती. लाकूड पाणी प्यालं होतं.

"या अल्लाह, सुके, तुझ्या आईला—"

"आईला काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "तिला कळूच द्यायचं नाही. गरम वारा नको लावू, कोमट लाव."

मी लावला, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. मावशीवर माझा जीव आहे, तरी त्या वेळी समोर असती तर चार शब्द सुनावले असते. पोरीचं एवढं आयुष्य या दिवसावर टांगलंय आणि ही बाई त्यावर ओली गोणपाटं टाकून जाते. मी एक ड्रायर धरला, शिवूनं दुसरा. हात भरून आले. हळूहळू एकेक पट्टी सुटी झाली आणि आपोआप वर यायला लागली. सगळ्या आल्या. एकच राहिली, मधल्या भागातली काळी तीन. दाबली की एकदा वाजायची आणि तिथंच रुतून बसायची.

"एकच आहे ना, सोड तिला," मी म्हटलं.

"शेवटची रचना पांढरी पाचची आहे, जुले. त्यात हिच्यावाचून पान हलत नाही."

शेवटची रचना म्हणजे मॅडमनी खास सांगितलेली. त्यावरच सगळं. पुण्याच्या माणसाला फोन लावला, तो कार्यक्रम संपेपर्यंत पोचणार नव्हता. मी म्हटलं, मॅडमना खरं सांग आणि तारीख पुढं ढकल. ती म्हणाली, "कसं झालं विचारतील. चार लोकांत आईचं नाव निघेल. ती परत माझ्या कार्यक्रमाला पाऊल टाकणार नाही." मग ती गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली. मला तिला हलवून जागं करावंसं वाटत होतं.

आणि अचानक ती हसली.

"गंगम्माला सर्दी झालीय," ती म्हणाली.

मला वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. तर ती पियानोकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं, ही गंगम्मा. एक घर खाली घेते. पांढरी चारात काळी तीन लागतच नाही. मधे एक-दोन ठिकाणी डोकावते, तिथं बघते मी तिच्याकडं."

मला या शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं की पियानोवर एक घर सरकलं की दहाच्या दहा बोटांना नवी वाट शोधावी लागते. पानावर एक लिहिलंय आणि हात दुसरीकडं. ती वाजवायला लागली. एका जागी अडखळली, पुन्हा त्याच जागी अडखळली. शिव्या मी दिल्या, तिनं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ती जागा पार झाली. तोवर तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली होती आणि तिथं वेगळंच काही आलं होतं. लहानपणी गंगम्माला फसवून खाली उतरवताना यायचं ना, तेच.

संध्याकाळी सभागृह भरलं. भजनी मंडळाच्या बायका पुढं, चर्चची माणसं, शाळेतली मुलं, माझी गिऱ्हाइकं. ती एका भुवईवाली पण आली होती. केरामावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, तिच्या पलीकडे रुद्राणी मॅडम, मांडीवर छापील स्वरांचं पुस्तक. कूलर बंद. लोक पुठ्ठ्यानं वारा घेत होते. सुकन्या आली आणि मधोमध बसली.

पहिल्या दोन रचना नीट पार पडल्या. त्यांत काळी तीन क्वचितच लागत होती, तिथं तिनं काय वाट काढली ते तिलाच ठाऊक. मग शेवटची. पहिला स्वर वाजला आणि मॅडमनी मान वर केली. दुसऱ्या ओळीला त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, संपलं, ही बाई आता ऐकतसुद्धा नाही. सुकन्यानं मात्र कुणाकडं बघितलं नाही. ती असं वाजवत होती की रचना जन्माला आली तीच या पट्टीत. दुपारी जिथं दोनदा अडखळली होती ती जागा आली आणि गेली, मला कळलीसुद्धा नाही. गंगम्मा मोठ्यानं म्हणाली, "वा." टाळ्या थांबेनात.

मॅडम उठल्या आणि सरळ स्टेजवर गेल्या. लोक जागेवरच बसून राहिले.

"ही रचना जी मेजरमध्ये लिहिलीय. तुम्ही एफमध्ये वाजवलीत. का?" जी म्हणजे आपली पांढरी पाच, एफ म्हणजे पांढरी चार.

सुकन्या म्हणाली, "सोलापूरच्या उन्हात पट्टी एक घर उतरते, मॅडम."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "की तशीच बसवून आणलीय?"

"तुम्ही म्हणाल तिथून वाजवते."

"ई फ्लॅट."

"काळी दोन," सुकन्या स्वतःशीच पुटपुटली, बसली आणि सुरुवात तिथून वाजवून दाखवली. हात कुठं शोधाशोध करत नव्हते. मॅडम जवळ उभ्या राहून तिची बोटं बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचं एक बोट पुढं केलं आणि नेमकी काळी तीन दाबली. ती खालीच राहिली.

"तुमचं बोट हिच्यापाशी येऊन वळत होतं," मॅडम म्हणाल्या. "हे कसं झालं?"

"उन्हानं."

"उन्हानं लाकूड आकसतं. हे फुगलंय."

मी खुर्चीचा दांडा आवळून बसले होते. तेवढ्यात केरामावशी उभी राहिली. तिला जी-एफ काही कळलेलं नव्हतं. पेटीला काहीतरी झालंय आणि लेकीला जाब विचारतायत, एवढंच कळलं होतं.

"बाई, तिला काय बोलू नगा," ती म्हणाली. "सकाळी म्या वली गोणपाटं घातली हुती पेटीवर. कूलर बी म्याच लावला. लई तापली हुती वो. पोरीची बोटं भाजली असती की."

मॅडमनी मावशीकडं बघितलं, मग सुकन्याकडं. "हे तुम्ही मला सांगणार नव्हता?"

"नाही."

"निवड झाली नसती तरी?"

"तरी नाही, मॅडम."

मॅडमनी रुतलेली काळी तीन नखानं हळूच उचलून वर आणली. म्हणाल्या, "वर्षभर गावोगावी तुम्हाला असेच पियानो मिळणार आहेत. कुठं धूळ, कुठं ओल. नुसतं लिहिलेलं वाजवणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. जूनमध्ये नागपूर. तयारीला लागा."

मला उभं राहून ओरडायचं होतं. केरामावशीला अजून काही उमगलं नव्हतं. ती तशीच उभी, पदर तोंडाशी धरून. "पेटी बिघाडली का गं पार?" एवढंच विचारत होती.

सुकन्या स्टेजवरून खाली उतरली. पुण्याच्या माणसांपुढं ती नेहमी पुस्तकातली भाषा बोलते, दिवसभर तीच बोलत होती. ती आईसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात तिच्या हातात दिले.

"बघ की, आई," ती म्हणाली. "कुटं भाजल्यात? गार हायत."

मावशीनं एकेक बोट तपासलं, दहाच्या दहा, आणि मग खाली बसली.